त्या आठ गोष्टी लेकीला वाचायला द्या

पत्र

नमस्कार ताई,

मी ५१ वर्षांची, राहणार ठाणे. १९९७ मध्ये लग्न झालं आणि न्यू जर्सीत, एडिसनला गेले. ह्यांचा एच-१ व्हिसा, माझा एच-४, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. इंग्रजीत एम. ए. केलेलं आणि दिवसभर घरात एकटी. हे वायटूकेच्या कामात, रात्री उशिरापर्यंत ऑफिसात. तेव्हा मी टीव्हीवर ‘द एक्स-फाइल्स’ ही मल्डर आणि स्कली या दोन एफबीआय एजंटांची मालिका बघायला लागले. मग इंटरनेटवर तिच्याबद्दल वाचायला लागले आणि मग टोपणनावाने मल्डर-स्कलीच्या गोष्टी लिहायला लागले. कॅनडातल्या एक शिक्षिका त्या तपासून द्यायच्या. आमची भेट कधीच झाली नाही. इंटरनेट टेलिफोनच्याच लाइनवर असायचं, त्यामुळे ह्यांचा फोन लागायचा नाही. मी सांगायचे, मैत्रिणीशी बोलत होते. २००२ पर्यंत आठ गोष्टी लिहिल्या, आठवी अर्धीच राहिली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

आता लेक १६ वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. मागच्या महिन्यात कळलं की ती एका परदेशी मालिकेवर फॅनफिक्शन लिहिते, म्हणजे मालिकेतलीच पात्रं घेऊन स्वतःच्या गोष्टी, एओथ्री (आर्काइव्ह ऑफ अवर ओन) नावाच्या साइटवर. हे फार चिडले. म्हणाले, “दुसऱ्याची पात्रं चोरायची, फुकट लिहायचं, तेही कोण कुठल्या लोकांसाठी. याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात.” लेक माझ्याकडे बघत होती आणि मी गप्प बसले. तेव्हापासून मला धड झोप नाही. तिला सांगू का? ती खरंच चोरी होती का? मी पाच वर्षं वाया घालवली का? शिवाय आठातल्या दोन गोष्टी १६ वर्षांच्या मुलीने वाचाव्यात अशा नाहीत, त्यांचं काय करू? जुन्या फाइलीत एका गोष्टीचं पहिलं पान सापडलं, त्याचा फोटो सोबत जोडते आहे.

गप्प बसलेली आई

उत्तर

ताई,

लेकीला सांगा. याच आठवड्यात सांगा, आणि तिच्या बाबांनाही त्याच दिवशी सांगा. असं का म्हणते, ते तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे.

तो फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. गोष्ट सुरू व्हायच्या आधी नऊ ओळींचा मथळा आहे. गोष्टीचं नाव. तुमचं टोपणनाव. रेटिंग पीजी-१३. प्रकार व्ही, ए, एमएसआर. स्पॉयलर, म्हणजे कथेतलं आधीच फोडलेलं रहस्य, चौथ्या सीझनपर्यंत. एका ओळीत सारांश. मग, मल्डर आणि स्कली हे ख्रिस कार्टर, टेन थर्टीन प्रॉडक्शन्स आणि फॉक्स यांचे आहेत, मी यातून पैसे कमवत नाही. मग, ही गोष्ट कुठेही ठेवा, फक्त माझं नाव राहू द्या आणि मला कळवा. शेवटी तुमच्या बीटाचे, म्हणजे त्या कॅनडातल्या बाईंचे आभार.

आता लेकीला विचारा, एओथ्रीवर नवी गोष्ट टाकताना ती कुठला फॉर्म भरते. रेटिंग, धोक्याच्या सूचना, कुठली मालिका, कुणाची जोडी, कुठली पात्रं, टॅग, सारांश, लेखिकेची टीप. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले तर कुणालाही नातं दिसेल, नाकीडोळी आईवर गेलेली मुलगी दिसावी तसं. आणि तुमचं ते पान तिच्या जन्माआधीचं आहे.

तो मथळा कुठल्या कंपनीने आखून दिलेला नव्हता. यूजनेट म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरांवरून एकमेकांकडे आपोआप पोचणाऱ्या संदेशांची व्यवस्था, १९८० पासूनची, वेबच्याही आधीची. एक्स-फाइल्स १० सप्टेंबर १९९३ ला फॉक्सवर सुरू झाली आणि काही महिन्यांतच यूजनेटवर तिचा गट उभा राहिला. पुढे गोष्टींसाठी वेगळा, ‘क्रिएटिव्ह’ नावाचा गट निघाला. तिथे गोष्टींचा पाऊस पडायला लागल्यावर प्रश्न आला की वाचणाऱ्याने निवडायचं कसं. तेव्हा लिहिणाऱ्यांनी आपापसात हा रिवाज पाडला. व्ही म्हणजे व्हिन्येट, छोटा प्रसंग. ए म्हणजे अँग्स्ट, जीव टांगणीला लावणारी. एमएसआर म्हणजे मल्डर-स्कली रोमान्स. ‘गॉसमर’ हे एक्स-फाइल्सच्या गोष्टींचं मोठं कोठार अशाच खुणांवर लावलेलं आहे. एखादी ग्रंथपाल पुस्तकांवर क्रमांक घालते तसं काम घरोघरच्या माणसांनी, जास्त करून बायकांनी, रात्री जेवणं आटोपल्यावर केलं.

मीही त्यांतल्या काही गोष्टी वाचल्या आहेत. १९९६ मध्ये एका कॉम्प्युटर लॅबमध्ये संध्याकाळी बसायला मिळायचं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मैत्रिणीसाठी एक गोष्ट डॉट मॅट्रिक्सवर छापून घेतली होती. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला तो अखंड कागद आम्ही दोघींनी जमिनीवर पसरून वाचला. लिहिणारी कोण, कुठली, काही माहीत नव्हतं. त्या गोष्टीत स्कली हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कॉफीचा कागदी पेला हातात धरून बसते आणि कॉफी गार होते, एवढंच घडतं. ती कॉफी मला अजून आठवते. तुमच्या गोष्टीही अशाच कुणाच्या तरी लक्षात असतील, ताई.

पाचव्या, स्पॉयलरच्या ओळीबद्दल लेकीला नक्की सांगा. मालिका आधी शुक्रवारी रात्री ९ ला लागायची, १९९६ पासून रविवारी. तुमच्या न्यू जर्सीत ती आधी दिसायची, कॅलिफोर्नियात तीन तासांनी आणि इतर देशांत कित्येक महिन्यांनी. म्हणून संदेशाच्या सुरुवातीला लोक जागा सोडायचे. स्पॉयलर हा शब्द एकाखाली एक, एका ओळीत एक अक्षर असा लिहायचा, म्हणजे पडदा खाली सरकवल्याशिवाय पुढचा मजकूर दिसायचाच नाही. ज्याला वाचायचं नाही त्याने तिथूनच परत फिरावं. ‘स्पॉयलर अलर्ट’ हे शब्द यूजनेटवर १९८२ मध्येच सापडतात, स्टार ट्रेकच्या दुसऱ्या सिनेमाच्या चर्चेत. मागे राहिलेल्या अनोळखी माणसाचा आनंद जपायचा ही साधी माणुसकी होती. आज घरोघरची मुलं “आई, स्पॉयलर नको” म्हणतात ती या वळणाची.

‘शिप’ हा शब्दही तिथलाच. मल्डर आणि स्कली एकत्र यावेत असं वाटणारे ते ‘रिलेशनशिपर’. त्याचं झालं शिपर, मग नुसतं शिप. येऊ नयेत असं वाटणारे ‘नोरोमो’. आज बिग बॉसच्या घरातल्या दोघांना लोक शिप करतात तेव्हा ते नकळत तुमच्या त्या वादांतला शब्द वापरत असतात. ‘बीटा’ सॉफ्टवेअरच्या बीटा टेस्टिंगवरून घेतलेला. प्रकाशन नाही, संपादक नाही, मानधन नाही, तरी गोष्ट लोकांसमोर जाण्याआधी दुसऱ्या डोळ्यांखालून गेलीच पाहिजे, हा आग्रह मला फार मोठा वाटतो. तुमच्या त्या शिक्षिकेने पाच वर्षं एका न पाहिलेल्या मुलीचे संवाद तपासले. हे शिक्षण नाही तर काय?

आणखी एक गोष्ट तुम्हाला स्वतःला कदाचित आठवेल. नव्वदीच्या सुरुवातीचं इंटरनेट म्हणजे विद्यापीठं आणि कॉम्प्युटर कंपन्या, आणि तिथे पुरुषांची गर्दी. मालिकेतल्या नटाबद्दल किंवा नात्याबद्दल बाई काही बोलली की तिची टिंगल व्हायची. मग बायकांनी आपापल्या मेलिंग लिस्ट काढल्या. ‘डेव्हिड डुकॉव्हनी एस्ट्रोजेन ब्रिगेड’ हा त्यांतला नावाजलेला गट, मल्डरचं काम करणाऱ्या नटाच्या नावाचा. स्वतःचं दार, स्वतःचे नियम, आत कोण येणार ते आपण ठरवणार. मालिकेच्या लेखकांपर्यंत हे पोचलं होतं. १९९४ च्या सप्टेंबरात दुसऱ्या सीझनचा पहिला भाग आला, त्यात विमानातल्या प्रवाशांची एक यादी पडद्यावर क्षणभर दिसते. तिच्यातली कितीतरी नावं इंटरनेटवरच्या चाहत्यांची होती. लोकांनी व्हीसीआर थांबवून ती वाचली. पुढे २००१ मध्ये, कॅन्सरने गेलेल्या एका फॅनफिक्शन लेखिकेचं नाव मालिकेतल्या एका नव्या एजंटला दिलं गेलं. ती एजंट सगळ्या जुन्या केसेस तोंडपाठ असलेली, मल्डर-स्कलीवर जीव टाकणारी. घरी बसून लिहिणारी एक बाई त्या मालिकेत कायमची राहून गेली. हे लेकीला सांगाल तेव्हा हळू सांगा.

आता चोरी.

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. टाळू नका. ही परंपरा इंटरनेटच्याही आधीची. स्टार ट्रेक १९६६ मध्ये अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाली आणि १९६७ मध्ये चाहत्यांचा ‘स्पॉकॅनेलिया’ हा हौशी अंक निघाला. अशा अंकांमधून गोष्टी यायच्या. आपल्याकडे सायक्लोस्टाइल करायचे तसे कागद, टपालाने पाठवलेले, खर्चापुरते पैसे. मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रांची मोहीम उभी केली. इतकी पत्रं आली की १ मार्च १९६८ ला एनबीसीने भाग संपल्यावर टीव्हीवरूनच जाहीर केलं, मालिका पुढे चालू राहील. म्हणजे ज्यांच्यावर चोरीचा आळ येतो, त्यांनीच ते दुकान उघडं ठेवलं होतं. याच लोकांनी स्वतःच्या लिखाणावर टीकाही केली. सर्वगुणसंपन्न नायिकेला ‘मेरी सू’ म्हणतात, तो शब्द १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी अशाच एका अंकात लिहिलेल्या छोट्या विडंबनातून आला. त्यातली मेरी सू साडेपंधरा वर्षांची, आणि आरमारातली सगळ्यात लहान लेफ्टनंट. तुमची लेक हा शब्द रोज ऐकत असेल. तो ५० वर्षांहून जुना आहे हे तिला माहीत नसेल.

मालकांची बाजूही लेकीला कळायला हवी. ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेचे लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की स्वतः यूजनेटवर येऊन चाहत्यांशी बोलायचे. फक्त कथेच्या कल्पना इथे टाकू नका, असं ते परोपरीने सांगत. एकदा एका चाहत्याने नेमकी तीच कल्पना लिहिली जी त्यांच्या डोक्यात आधीपासून होती. त्या चाहत्याकडून लेखी ना-हरकत मिळेपर्यंत तो भाग त्यांना अडवून ठेवावा लागला. तो १९९५ मध्ये लागला. म्हणून लेकीला सांगा, आपली गोष्ट मूळ लेखकाला वा नटाला टॅग करून कधी पाठवायची नाही. ती चाहत्यांनी चाहत्यांसाठी लिहिलेली असते.

कायद्याचं म्हणाल तर १९९६-९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी चाहत्यांच्या साइटना वकिलांच्या नोटिसा पाठवल्या. ‘मी यातून पैसे कमवत नाही’ या तुमच्या सातव्या ओळीमागे ती धास्ती होती. आज चाहत्यांच्या बाजूचे वकील म्हणतात की मूळ गोष्टीत नवा अर्थ भरणारं आणि पैसे न घेणारं लिखाण अमेरिकी कायद्यातल्या ‘फेअर यूज’मध्ये बसतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फॅनफिक्शनवर थेट निकाल दिलेला नाही, पण व्यवहारात सगळे एक रेघ पाळतात, ती म्हणजे पैसे नाहीत. लेकीनेही ती पाळावी. गोष्टीखाली देणगीची लिंकसुद्धा द्यायची नाही, एओथ्रीचा तसा नियमच आहे.

आणि मन म्हणत असेल की कायदा राहू दे, मुळात हे करावं का, तर माझी आजी आठवते. पहाटे जात्यावर ती सीतेच्या ओव्या म्हणायची. रामायण कुणाचं, असं तिला कुणी विचारलं नाही. तिच्या ओव्यांत सीता रानात बाळंत व्हायची आणि तिच्या उशाशी कुणी नसायचं. मोठ्या कथेत जी जागा रिकामी राहिली तिथे आजी आणि तिच्यासारख्या हजारो बायका जाऊन बसल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. फरक आहे, मान्य. वाल्मीकी वकील पाठवत नाहीत, आणि फॉक्स ही एक कंपनी आहे. पण टीव्हीवर दोन माणसं नऊ वर्षं एकमेकांना धड काही सांगत नाहीत, आणि एडिसनच्या फ्लॅटमध्ये एकटी बसलेली मुलगी ते सांगून टाकते. यात मला चोराची वृत्ती दिसत नाही.

लष्कराच्या भाकऱ्यांवर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तो शब्द लेकीला लागला असणार. आणि तुम्हालाही.

२००० नंतर चाहत्यांची मोठी वस्ती लाइव्हजर्नल या साइटवर होती. मे २००७ मध्ये तिच्या मालकांनी एका फटक्यात काही शे खाती बंद केली. बंद खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसायची, म्हणून लोक त्या प्रकाराला ‘स्ट्राइकथ्रू’ म्हणतात. खरोखर वाईट खात्यांबरोबर साहित्यचर्चेची, अत्याचारातून वाचलेल्यांची आणि गोष्टी लिहिणाऱ्यांची खातीही गेली. वर्षानुवर्षांचं लिखाण, त्याखालची संभाषणं, सगळ्यावर रेघ. त्याच सुमाराला फॅनलिब नावाची कंपनी आली. गोष्टी तुम्ही लिहा, साइट आम्ही चालवू, नफा आमचा, जबाबदारी तुमची, असा एकूण हिशेब. तेव्हा बायकांनी ठरवलं की आता जागाही आपली, नियमही आपले आणि सर्व्हरही आपलेच. २००७ मध्येच ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था उभी राहिली, कादंबरीकार नाओमी नोविक तिच्या संस्थापकांपैकी. १४ नोव्हेंबर २००९ ला एओथ्री सर्वांसाठी उघडलं. जाहिरात नाही, खर्च देणग्यांवर. प्रोग्रामिंग येत नव्हतं त्या बायका या कामासाठी ते शिकल्या. आज तिथे १ कोटीहून जास्त गोष्टी आहेत आणि तुमच्या लेकीची त्यांतली एक आहे.

त्या साइटवर ‘टॅग रँगलर’ म्हणून स्वयंसेवक असतात. कुणी टॅगमध्ये मल्डर-स्कली लिहितं, कुणी एमएसआर, कुणी दोघांची पूर्ण नावं. वाचणाऱ्याने काहीही शोधलं तरी सगळं सापडावं म्हणून ही माणसं हाताने एक टॅग दुसऱ्याला जोडून देतात. पगार नाही. हॅशटॅग किंवा लाइक चाहत्यांनीच शोधले असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. पण लाखो लोकांनी मोकळेपणाने लावलेल्या खुणा वापरण्याजोग्या कशा ठेवायच्या, हे या मंडळींइतकं थोड्यांनाच साधलंय. एक उदाहरण देते. २०११ मध्ये डिलिशियस ही दुवे साठवायची साइट बदलली आणि टॅगमधली तिरकी रेघ चालेनाशी झाली. दोन नावांमधली ती तिरकी रेघ म्हणजे चाहत्यांचा प्राण, सत्तरीतल्या, स्टार ट्रेकमधल्या कर्क-स्पॉकच्या गोष्टींपासून चालत आलेली. पिनबोर्ड या तशाच एका छोट्या साइटच्या मालकाने त्यांना विचारलं, तुम्हाला काय काय लागेल? चाहत्यांनी एकाच सामाईक दस्तऐवजात मिळून लिहायला घेतलं आणि तो पन्नास पानांच्या पुढे गेला, अनुक्रमणिकेसकट. एखाद्या कंपनीत असा दस्तऐवज करायला माणसं नेमावी लागतात. तुमचे मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांना ही गोष्ट सांगा. त्यांना तिची किंमत आपल्या दोघींपेक्षा चांगली कळेल.

२०१९ मध्ये डब्लिनला एओथ्रीला ह्यूगो पुरस्कार मिळाला, विज्ञानकथेच्या जगातला सगळ्यात मानाचा. तो घ्यायला नाओमी नोविक मंचावर गेल्या आणि त्यांनी सभागृहातले दिवे लावायला सांगितले. ज्यांना ज्यांना हे काम आपलंही आहे असं वाटतं त्यांनी क्षणभर उभं राहावं, असं त्या म्हणाल्या. माणसं उठून उभी राहिली, इथे पाच, तिथे दहा. ताई, तुम्ही तिथे असतात तर उभ्या राहिला असतात का? माझा अंदाज आहे, नाही. शेजारी कोण बसलंय ते बघून बसून राहिला असतात. त्या दिवशी लेकीसमोर गप्प बसून राहिलात तशाच.

म्हणूनच सांगा म्हणते. या सगळ्या कामाची नोंद पुसट राहिली, कारण करणाऱ्या गप्प राहिल्या. नवऱ्यापासून लपवलं, नोकरीच्या अर्जात लिहिलं नाही, मुलांना सांगितलं नाही. मग पोरांना वाटतं की शिप, स्पॉयलर, टॅग, बीटा हे सगळं फोनबरोबर डब्यातून आलं.

आता घरातली व्यवस्था. आधी मिस्टरांना सांगा, त्याच दिवशी लेकीला. आधी लेकीला सांगून “बाबांना बोलू नकोस” असं चुकूनही करू नका. १६ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर आईचं गुपित ठेवायचं नसतं. त्यांच्याशी बोलताना त्या फोनचंही कबूल करून टाका. लाइन मैत्रिणीशी बोलण्यामुळे नाही, इंटरनेटमुळे लागत नव्हती, असं सरळ म्हणा. खरं तर तीही मैत्रीणच होती, कॅनडातली. त्यांना वाईट वाटेल ते लपवल्याचं वाटेल, लिहिल्याचं कमी. वाटू द्या. त्या वर्षांत ते रात्री उशिरा घरी यायचे आणि तुम्ही एकट्या असायचात, हेही त्या बोलण्यात निघेल. निघायला हवं.

त्या दोन गोष्टी लेकीला देऊ नका, पण आहेत हे सांगा. त्यांच्या माथ्यावर तुम्ही तेव्हा काय रेटिंग लिहिलं होतं तेही सांगा. कुणी जबरदस्ती केली नव्हती, तरी तुम्ही ते लिहिलं होतंत, कारण पलीकडे कोण वाचतंय हे तुम्हाला माहीत नव्हतं आणि त्याची काळजी होती. एओथ्रीवर १३ वर्षांपुढच्या कुणालाही खातं काढता येतं आणि तिथे सगळ्या प्रकारचं लिखाण आहे. मुलीला त्यातून वाट काढायला रेटिंग आणि सूचना वाचण्याची सवयच उपयोगी पडेल. ती सवय घालून देणाऱ्यांपैकी तिची आई आहे, तर तिने ते आईकडूनच शिकावं.

काळजीच्या गोष्टी आहेतच. जोड्यांवरून लोक हमरीतुमरीवर येतात, कळपाने एखाद्या मुलीच्या मागे लागतात, नटांच्या खऱ्या बायकामुलांना त्रास देतात. हे १९९७ मध्येही होतं, आज माणसं वाढली म्हणून जास्त बोचतं. टोपणनाव कॉलेजच्या नावाशी किंवा इन्स्टाग्रामशी जोडलेलं नसावं. प्रतिक्रिया आधी आपण वाचून मग दिसू द्यायची सोय एओथ्रीवर आहे, ती चालू करायला सांगा. गोष्ट फक्त खातेदारांना दिसावी अशीही सोय आहे. कौतुक करता करता कुणी दुसऱ्या ॲपवर खासगीत बोलू या म्हणालं, तर ते तुम्हाला येऊन सांगायचं. आज ती सांगणार नाही, कारण तिला वाटतं आईला यातलं काही कळत नाही. तुम्ही बोललात की सांगेल. अभ्यासाचे तास तिच्याशी बसून ठरवा आणि त्या तासांबाहेर तिला लिहू द्या. ‘झीना’ मालिकेच्या शेवटच्या सीझनचे दोन भाग मेलिसा गुड या फॅनफिक्शन लेखिकेकडून लिहून घेतले गेले, पण तसं काही व्हावं म्हणून लिहू नये. तुम्हीही त्यासाठी लिहिलं नव्हतं.

राहिल्या तुमच्या गोष्टी. गॉसमरवर टोपणनावाने शोधा. यूजनेटचे जुने संदेश गूगल ग्रुप्सच्या संग्रहात आहेत. जिओसिटीज या फुकट पानं देणाऱ्या जुन्या साइटवर पान होतं का? विज्ञानकथावाले बहुतेक ‘एरिया५१’ नावाच्या वस्तीत असायचे. याहूने २६ ऑक्टोबर २००९ ला ती साइट बंद केली, पण बरीच पानं लोकांनी आधीच उतरवून ठेवली. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता घालून बघा. पत्ता आठवत नसेल तर जुन्या ईमेलमध्ये किंवा त्या फाइलीतल्या कुठल्या तरी कागदाच्या तळाला छापलेला असेल. हे शोधकाम लेकीला बरोबर घेऊन करा, तिचे हात तुमच्यापेक्षा भराभर चालतील. सापडलेल्या गोष्टी एओथ्रीवर पुन्हा ठेवाव्याशा वाटल्या तर ठेवा. नाव नको असेल तर तिथे ‘ऑर्फन’ करायची सोय आहे, गोष्ट राहते आणि नाव निघून जातं. पण ती वापरण्याआधी तुमच्याच मथळ्यातली आठवी ओळ एकदा वाचा, ‘फक्त माझं नाव राहू द्या’.

लेक वाचायला बसेल तेव्हा समोर बसून तिचं तोंड बघत राहू नका. आत जाऊन कुकर लावा. तिला ती अर्धवट आठवी गोष्ट शेवटी द्या, आणि पुढे काय झालं असं तिने विचारलं तर तुम्हाला आठवतं तेवढं सांगा, बाकीचं तिला विचारा.